बारा आणे दुखणं: किल्लारीचा भूकंप, एक उजवा खांदा आणि ॲक्युपंक्चर

ही केस लिहायला ताईंनी स्वतः परवानगी दिली, "गावाचं नाव नको आन् माझं बी नको" एवढी एकच अट घातली, म्हणून ओळख पटेल असं काही काही मी बदललंय.

मे २०२३ मध्ये त्या माझ्याकडे ॲक्युपंक्चरसाठी पहिल्यांदा आल्या. वय ४६, मूळ लातूर-धाराशिवच्या हद्दीवरचं गाव, लग्नानंतर पुण्यात, गेली बारा-तेरा वर्षं घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवतात. तक्रार एकच, उजवा खांदा. मानेपासून कोपरापर्यंत ओढल्यासारखं दुखणं, सात-आठ वर्षांपासून, आणि पहाटे चारच्या सुमारास हमखास जाग. कुणालाही विचारा, कारण सगळ्यांनी एकच सांगितलेलं, पोळ्या लाटून लाटून खांदा गेला. खरं सांगते, मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं. रोजच्या दीडशे-दोनशे पोळ्या लाटणाऱ्या बाईचा उजवा खांदा दुखतोय म्हटल्यावर आणखी काय वाटणार?

फाईल जाडजूड होती. दोन ऑर्थोपेडिक, फिजिओ दोन ठिकाणी, शेकायचं मशीन, खांद्यात एक इंजेक्शन, आणि पेनकिलर तर रोजचीच, त्यामुळे ॲसिडिटी वेगळी. एमआरआयमध्ये मानेच्या एका चकतीला थोडासा फुगवटा, पण तसा तो या वयाच्या अजिबात न दुखणाऱ्या माणसांमध्येही सर्रास सापडतो. रात्री जागं करणारं दुखणं म्हटलं की गाठ, इन्फेक्शन, हृदय हे आधी बघावंच लागतं, त्याशिवाय मी सुईला हात लावत नाही, पण ते सगळं त्यांच्या डॉक्टरांनी तपासून झालं होतं आणि रिपोर्ट स्वच्छ होते. मी तपासलं तर हात पूर्ण वर जातोय, ताकद चांगली, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. फक्त एक गोष्ट. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर उचललेला, आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू पिळलेल्या दोरासारखा. "खांदा सोडा" म्हटलं की त्या म्हणायच्या, "सोडलाच हाय की."

दुखणं शून्य ते दहामध्ये किती असं विचारलं तर त्यांना ते जमेना. मग त्यांनीच सांगितलं, "बारा आणे हाय मॅडम." तेव्हापासून आमच्या केस पेपरवर सोळा आण्याचीच पट्टी चालू झाली आणि ती कुठल्याही छापील पट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडली. त्या दिवशी खांदा बारा आणे, झोप चार आणे.

पहिल्या सेशनला खुर्चीत बसवूनच हाताला आणि कानाला मोजक्या सुया लावल्या. दोन दिवस दहा आण्यांवर आलं, मग परत बारा. ठीक होतं, पहिल्याच वेळेला यापेक्षा जास्त अपेक्षा नसते.

चूक झाली ती दुसऱ्या सेशनला आणि ती माझी होती. मान-खांद्याच्या दुखण्याला आपण पेशंटला पालथं झोपवतो, टेबलाला चेहऱ्यासाठी भोक असतं त्यात तोंड, मानेखाली जीबी २० म्हणजे फेंगची नावाचा पॉइंट, पाठीवर दोन्ही बाजूंनी, खांद्यावर, अशा सगळ्या मिळून बारा सुया. रिलॅक्स वाटावं म्हणून दिवा मंद, दार बंद, पंखा बारीक. नेहमीचीच पद्धत. मी पलीकडे दुसऱ्या पेशंटचा केस पेपर लिहीत होते. तेवढ्यात बिल्डिंगचा पाण्याचा पंप चालू झाला. आमच्याकडे तो चालू झाला की फरशी जराशी थरथरते, आम्हाला सवय आहे, लक्षसुद्धा जात नाही.

आवाज आला नाही. त्या ओरडल्या नाहीत, हाक मारली नाही. कसलीतरी खसखस ऐकू आली म्हणून मी पडदा सारला तर त्यांची डाव्या हाताची बोटं गादीवरची चादर ओढत होती, नखांनी माती उकरावी तशी, परत परत, एकाच जागी. पाठ ताठ, श्वास वरच्यावर, मानेत सुया असल्यामुळे डोकं उचलता येत नाही आणि तोंडातून शब्द फुटत नाही. मी भराभर सुया काढल्या, दिवा लावला, दार उघडलं, त्यांना उठवून बसवलं. अंग घामाने चिंब. दहा मिनिटं त्या नुसत्या दाराकडे बघत बसल्या. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माळवद पडल्यावानी झालं."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मराठवाड्यातल्या माणसाला ही वेळ सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं, रिश्टर स्केलवर साडेसहाच्या आतलाच धक्का पण घरंच अशी की झोपलेल्या माणसांना हलायलाही वेळ मिळाला नाही. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पन्नासच्या वर गावं पार जमीनदोस्त झाली. ताई तेव्हा १६ वर्षांच्या होत्या. आजीजवळ झोपल्या होत्या, उजवा हात आजीच्या अंगावर टाकून. चार-पाच तासांनी गावातल्या लोकांनी काढलं. त्या वाचल्या, आजी नाही. उजवा हात शेवटपर्यंत आजीच्या अंगाखालीच अडकलेला होता आणि आजी कधी गार झाली ते त्यांना कळत होतं.

माझ्या केस पेपरवर "पूर्वी अपघात, ऑपरेशन?" असा रकाना आहे. त्यात त्यांनी "नाही" लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. हाड मोडलं नव्हतं, टाका पडला नव्हता, तेव्हाच्या तंबूतल्या डॉक्टरांनी बघून सोडून दिलं होतं. "मला काईच झालं नव्हतं," हे त्यांचं वाक्य. तीस वर्षांत एकाही डॉक्टरने विचारलं नाही, आणि त्यांनाही कधी वाटलं नाही की खांद्याच्या दुखण्यात हे सांगायचं असतं.

आता इथे कुणी म्हणेल की मग दुखणं "मनाचं" होतं. नाही, असं म्हणणं चुकीचं आहे आणि पेशंटवर अन्यायही आहे. स्नायू खरोखर आखडलेला होता, हाताला लागत होता. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्याच अशी आहे की वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा एकत्रच अनुभव असतो, २०२० साली ती व्याख्या सुधारली तेव्हाही हे दोन्ही शब्द तसेच ठेवले. मोठ्या धक्क्यानंतर शरीराची राखण करणारी यंत्रणा चालूच राहू शकते. जोरात आवाज झाला की दचकणं, खांदे कानाकडे ओढणं, दात आवळणं, झोप सावध, आणि झोप तुटत राहिली की वेदना जाणवायची पायरी आणखी खाली येते, म्हणजे जिथे दुसऱ्याला दोन आणे दुखेल तिथे यांना आठ आणे. मी ताईंना सांगितलं, घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पुढे मांजर गेलं तरी भुंकतो, तसा तुमचा खांदा तीस वर्षं भुंकतोय. त्यांना ते पटलं. "म्हंजे कुत्रं खरं भुंकतंय, चोर न्हाई," असं म्हणाल्या. मी वीस मिनिटं जे समजावत होते ते त्यांनी एका वाक्यात आणलं.

त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी आल्या, आणि तिसऱ्या सेशनपासून आम्ही सगळंच बदललं. आधी बसून ठरवलं. पालथं झोपायचं नाही, डाव्या कुशीवर, तोंड दाराकडे. दार अर्धं उघडं, मध्ये पडदा. दिवा चालू. पंपाची वेळ वॉचमनला विचारून घेतली आणि त्यांची अपॉइंटमेंट त्याच्या आधीची. डाव्या हातात देवघरातली छोटी घंटी, तोंडातून शब्द फुटला नाही तरी वाजवता येईल अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखऱ्या उजव्या हाताला एकही सुई नाही, तो हात मोकळा, हलवता येईल असा. सुई लावली की हात हलवू नका असं आपण सहज म्हणतो, पण या हाताने एकदा चार-पाच तास न हलता काढले होते.

मग खांद्याचं काय? आमच्या शास्त्रात उलट्या बाजूला किंवा लांबच्या जागी सुई लावायची जुनी पद्धत आहे. खांद्यासाठी नडगीच्या बाहेरच्या अंगाला एसटी ३८, तियाओकोउ म्हणतात त्याला, डाव्या हातावर अंगठा आणि तर्जनीच्या मधला एलआय ४ म्हणजे हेगू, पायावर एलव्ही ३, मनगटाच्या आत पीसी ६. आणि कानाला दोन-तीन. सुया पाव मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येक वेळी नवीन, पेशंटसमोरच पाकीट फोडायचं. बारावरून मी सहावर आले. प्रत्येक सुईच्या आधी विचारायचं, "लावू का?" आणि नको म्हटलं तर नको. चौथ्या सेशनला त्यांनी पायाची एक सुई नको म्हटली, काही कारण नव्हतं, मी लावली नाही. नंतर त्या म्हणाल्या की मॅडम खरंच थांबतात का ते बघत होते.

कानाचे पॉइंट निवडण्यामागे एक मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉंक्समधल्या लिंकन हॉस्पिटलमध्ये १९७० च्या दशकात व्यसनमुक्तीसाठी कानाच्या पाच सुयांची पद्धत तयार झाली, तीच पुढे २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये आणि मग इतर आपत्तींनंतर लोकांना शांत करायला वापरली गेली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे कपडे काढायचे नाहीत, झोपायचं नाही, काही बोलायचं नाही, सगळ्यांबरोबर खुर्चीत बसून राहायचं. ज्याला अंगाला हात लावलेला सहन होत नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. मी ताईंना सुरुवातीला पाचही लावल्या नाहीत, सहन होतील तेवढ्याच. घरी जाताना कानाच्या त्याच जागी टेपने मेथीचा दाणा चिकटवून द्यायचे, पहाटे जाग आली की तो दाबायचा आणि मोजून दहा श्वास. दाणा दाबल्याने किती झालं आणि श्वासाने किती हे मला सांगता येणार नाही, पण आधी पहाटे चारला काहीच हातात नव्हतं आणि आता काहीतरी होतं.

"हे चिनी ना?" असं त्यांनी एकदा विचारलं. त्यांना सोलापूर जवळचं, म्हणून मी सांगितलं की सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले त्याच पथकातले डॉक्टर बिजय बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून भारतात घेऊन आले. त्यांना बरं वाटलं ते ऐकून. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, केंद्राने २०१९ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे सुया लावणाऱ्याला नोंदणी विचारायचा हक्क पेशंटला आहे आणि तो वापरावा. खांद्याच्या वरच्या स्नायूत सुई चुकीच्या खोलीला गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं, हा खेळ नाही.

दुसरी अट मी घातली होती. सुयांनी दुखणं कमी करायचा प्रयत्न मी करीन पण त्या रात्रीबद्दल बोलायला माझ्यापेक्षा शिकलेलं माणूस पाहिजे. त्यावर पहिलं उत्तर, "मी येडी न्हाई." तीन आठवडे नाहीच म्हणाल्या. शेवटी त्यांच्या सुनेने समजावलं आणि जुलैमध्ये ट्रॉमाचं काम करणाऱ्या एका काउन्सेलरकडे जायला लागल्या. त्यांनी सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं, तिथून झोपेसाठी रात्रीची एक कमी डोसची गोळी सुरू झाली. पेनकिलर कमी करायचा निर्णयही त्यांच्या डॉक्टरांनी घेतला, मी नाही.

डायरी मात्र आमची. सुनेने एका वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या, पोळ्या किती, खांदा किती आणे, झोप किती आणे. आणि याच वहीने सगळं उघडं पाडलं. २०२३ ला अधिक महिना आला होता, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला धोंडे, अनारसे, पुरण, ऑर्डरवर ऑर्डर. ताईंचं काम त्या महिन्यात जवळजवळ दुप्पट झालं, रात्री अकरापर्यंत लाटणं हातात. पोळ्यांनी खांदा गेला असता तर त्याच महिन्यात जायला पाहिजे होता. वहीत काय, सात आणे, सहा आणे, सात आणे. आणि सप्टेंबर लागला, काम उलट कमी झालं, तर नऊ, दहा, अकरा.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, विसर्जन २८ ला, आणि दोन दिवसांनी भूकंपाला तीस वर्षं पूर्ण. टीव्हीवर, मोबाईलवर तेच जुने फोटो. वरून पुण्याचे ढोल-ताशे, जमीन हादरते हो त्याने, घरातली भांडी वाजतात. त्यांनी सांगितलं की दरवर्षी गौरी-गणपतीत खांदा धरतो, घरातले म्हणतात सणाचं काम पडतं म्हणून.

मी दोन आठवडे सेशन आठवड्याला दोन केली, काउन्सेलरशी ताईंच्या परवानगीने फोनवर बोलून. नवीन काही लावलं नाही. उलट सुया कमी, वेळ कमी, पंधरा मिनिटं. विसर्जनाच्या दिवशी त्यांनी सुनेबरोबर शहराबाहेर एका नातेवाइकाकडे जायचं ठरवलं, काउन्सेलरनेच सुचवलेलं. ३० तारखेला पहाटे त्या जाग्याच होत्या. आजीच्या नावाने दिवा लावला, आजवर कधीच लावला नव्हता. त्यानंतर वहीत आठ आणे, मग सहा.

मे ते ऑक्टोबर एकूण १८ सेशन झाली. शेवटी खांदा चार ते पाच आणे, झोप दहा आणे, पेनकिलर रोजच्याऐवजी आठवड्यातून एखादी. खांदा अजून थोडा वर आहे, बोटभर नाही पण अर्धं बोट. दार उघडं आणि दिवा चालू ठेवूनच झोपतात आणि त्याला मी हात लावलेला नाही, तो प्रश्न माझा नाही.

यात सुयांचा वाटा किती? मला प्रामाणिकपणे वेगळा काढता येत नाही. जुलैनंतर तीन गोष्टी एकदम चालू होत्या. जूनमध्ये, म्हणजे फक्त ॲक्युपंक्चर चालू असताना, खांदा बारावरून नऊवर आला होता, झोप मात्र जवळजवळ तशीच होती. झोप सुधारली ती काउन्सेलिंग आणि गोळी सुरू झाल्यावर, आणि मग खांदा आणखी खाली आला. त्या तीन आण्यांतही सगळं सुईच्या टोकाचं नसणार, कुणीतरी आपल्याला विचारून हात लावतंय, थांब म्हटल्यावर थांबतंय, हेही त्यातच आलं. मोठ्या अभ्यासांमध्येही हेच दिसतं. जुनाट दुखण्यावरच्या २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात वीस हजारांवर पेशंटचा डेटा होता, त्यात ॲक्युपंक्चरने फायदा दिसला, पण खोट्या सुयांशी, म्हणजे नुसत्या लावल्यासारख्या दाखवलेल्या किंवा भलत्याच जागी लावलेल्या सुयांशी, तुलना केली तेव्हा फरक लहान होता. ट्रॉमाच्या बाबतीत २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ९३ माजी सैनिकांवरची ट्रायल आली, तिथे खऱ्या सुयांचा परिणाम खोट्या सुयांपेक्षा चांगला निघाला, आठवड्यातून दोनदा अशी २४ सेशन होती. चांगली बातमी आहे, पण तो एकच गट आणि तेही सैनिक, त्यावरून ढिगाऱ्याखालून निघालेल्या बाईबद्दल ठाम बोलायची माझी तयारी नाही.

म्हणूनच "एका सेशनमध्ये ट्रॉमा रिलीज" अशा जाहिराती बघितल्या की मला राग येतो. पेशंट टेबलावर रडला, थरथरला म्हणजे आतलं बाहेर आलं असं सांगणारे लोक आहेत. ताई माझ्या टेबलावर थरथरल्या तेव्हा काहीही बाहेर आलं नव्हतं, त्या परत आत गेल्या होत्या, आणि मी त्यांना तिथे पाठवलं होतं. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून केस पेपरवर मी रकाना बदललाय, "कधी अडकून पडलात, दबलात, कोंडलात, हाताला धरून ठेवलं गेलंय असं झालंय का? नाही सांगायचं तर नका सांगू, फक्त कसं झोपायला आवडेल ते सांगा." बरेच जण पहिल्या भागाचं उत्तर देत नाहीत आणि दुसऱ्याचं देतात, माझं काम तेवढ्याने भागतं. आणि कुणाला लगेच बोलायची गरज असेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. हा नंबर आता घंटीशेजारीच चिकटवलाय.

२०२४ च्या गणपतीत खांदा परत आठ आण्यांवर गेला, तीन सेशन केली, दसऱ्यापर्यंत पाचवर आला. आता त्या ऑगस्टमध्ये स्वतःच फोन करून तारखा घेतात. मागच्या वेळी मी त्यांच्या घरी डबा आणायला गेले होते, त्या ओट्याशी उभ्या राहून लाटत होत्या, खाली रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला, खिडकीची काच वाजली आणि त्यांचा खांदा झटकन कानाकडे गेला. मला वाटलं आता काहीतरी बोलावं. तेवढ्यात त्यांनी लाटणं धरलेल्या हाताने माझ्याकडे बोट केलं, "बगा आता," म्हणाल्या, आणि श्वास सोडत खांदा हळूहळू खाली आणला, पोळी गोल फिरवली आणि तव्यावर टाकली.